बाळ हं म्हणत नाही

— डोळे काय बघताय सिस्टर, झोप कुठली, आणि तुम्हाला वाटेल पोटातल्या काळजीने लागली नाही, तर तसंही नाही—मी रात्रभर तळमळत होते ती निराळ्याच चिंतेने, की सकाळी खिडकीवरच्या बाई मान वर करून ‘पुन्हा आलात?’ म्हणतील, तेव्हा मी काय उत्तर देणार. उत्तरं पाठ केली होती मी. एक नम्र होतं, एक जरा तिखट, आणि एक अगदी शास्त्रीय, पुस्तकातल्या वाक्यांचं. आणि प्रत्यक्षात काय झालं? त्या म्हणाल्या, ‘पुन्हा आलात?’ आणि मी म्हटलं, ‘हो.’ झालं, संपली तयारी. मग बाकावर बसले, आता काही झालं तरी उठायचं नाही असं ठरवूनच बसले. त्या म्हणाल्या, तुमची तारीख गुरुवारची आहे. म्हटलं, असू दे. म्हणाल्या, डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये आहेत. म्हटलं, मला घाई नाही, म्हणजे आहे, पण मी बसते. म्हणाल्या, घरी जा, काहीतरी गोड खा, डाव्या कुशीवर पडा, हलेल. वाटाण्याच्या अक्षताच त्या, फक्त गोड. म्हटलं, कुशीवरच पडायचं ना, मग हा बाक चांगला लांब आहे, इथेच पडते—आणि पडले की हो खरंच. पाय वर घेऊन, चपला खाली नीट लावून. दोन माणसं उठून उभी राहिली. तेव्हा कुठे तुम्हाला हाक गेली. शिकल्यासवरल्या बाईने असं करावं का? करू नये. पण केलं, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

कुर्ता एवढा वर पुरे का? अजून? बरं. गार आहे हो ते जेल, दरवेळी विसरते मी. भिंगरी, तू त्या स्टुलावर बस, वायरला हात लावायचा नाही, आणि त्या पडद्यालाही नाही. माझी मुलगी. भिंगरी म्हणतो आम्ही, एका जागी ठरत नाही म्हणून, आणि आज बघा, दप्तर मांडीवर घेऊन कशी बसलीय. कुणी म्हणेल किती शहाणी. मला नाही आवडत हे. मी शिकवते, पहिलीला, आणि आमच्या हेडबाईंना शांत वर्ग फार आवडतो, व्हरांड्यातून जाताना कान देऊन ऐकतात आणि काही ऐकू आलं नाही की खूश होऊन पुढे जातात. पण वर्गात जी उभी असते तिला विचारा ना. वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत असताना मागचा गोंधळ चालू असला की मी निर्धास्त असते—कोण कुणाची पेन्सिल पळवतंय, कोण बाकाखाली गेलंय, सगळं कळतं. गोंधळ थांबला की खडू हातातून पडतो माझ्या. एकदम गप्प झालेला वर्ग म्हणजे कुणीतरी नाकात मणी घातलेला असतो, नाहीतर कुणालातरी लागलेलं असतं. मुलं कधी उगाच गप्प होत नसतात, सिस्टर. बाहेरचीही नाहीत आणि आतलीही नाहीत.

डावीकडे बघताय? मागच्या वेळी उजवीकडे सापडलं होतं. नाही, तुम्ही बघा, तुमचं काम तुम्हाला ठाऊक, मी नुसतं सांगितलं.

मागच्या वेळी, आणि त्याच्या मागच्या वेळीही—हो, ही तिसरी खेप—काय झालं माहीत आहे? पोटाला तो ठोके टिपणारा पट्टा बांधायचा अवकाश, याने अशा लाथा झाडल्या की पट्टाच घसरला. तेव्हा दुसऱ्या सिस्टर होत्या, चष्मेवाल्या. त्या हसल्या, मावशी हसल्या, मग मीही हसले, काय करणार. हात दाखवून अवलक्षण. आणि नुसती हसले नाही, मी माफी मागितली. तुम्हा सगळ्यांना उगाच त्रास दिला म्हणाले. घरी जाताना रस्त्यात थांबले आणि म्हटलं, अगं, तू माफी कशाची मागितलीस? मूल धडधाकट असल्याची? पोटातलं मूल जिवंत निघालं म्हणून दवाखान्याची क्षमा मागणारी मी पहिलीच बाई असेन. आणि पडद्यामागून कुणीतरी म्हटलेलंही ऐकलं मी, ‘ती पट्टेवाली आलीय बघ.’ पट्टेवाली. वाईट नाही तसं, सुचलंय चांगलं. तुम्ही म्हणाला नसाल. तुमचा आवाज तरी मी कुठे ऐकलाय अजून, आल्यापासून तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. राहू दे, मी बोलते दोघींचं.

ते बाळाचं हलणं मोजायचं म्हणता ना तुम्ही लोक, तेही केलं. तुमचा तो कागद फ्रिजवर लावलाय. मला वाटलं होतं, माझ्याइतकं हे कुणाला जमणार, हजेरी घेणं हा माझा रोजचा धंदा—पण वर्गात एकेक जण ‘हजर’ म्हणतो, इथे कोण काय म्हणतंय कळेना. पोट गुरगुरलं की मी लावली हजेरी. उचकी लागली त्याला, ती लावली. झोपेत भिंगरीचं कोपर लागलं बाहेरून, तेही लावलं. आकडे इतके छान आले की माझाच विश्वास बसेना. मग सोडून दिलं, आणि नुसतं लक्ष ठेवायला लागले त्याच्या खोडींवर. तुम्हाला म्हणून सांगते, याचं वेळापत्रक आमच्या शाळेपेक्षा पक्कं आहे. मी शाळेतून येऊन खुर्चीत टेकले की हा उठणार. मिक्सर लावला की दचकणार. संध्याकाळी इथे, या फासळीखाली, टाच रोवून बसणार, की मला वाकून चप्पलही काढता येऊ नये. आणि सकाळी भिंगरीची हाक. ती उठल्याबरोबर, दात घासायच्या आधी, माझ्या पोटाला तोंड लावते आणि आदल्या दिवशीची सगळी बातमी सांगते त्याला—कोण पडलं, कुणाचा डबा सांडला, कुणाला बाईंनी मांडीवर घेतलं. आणि तिचं सांगून झालं की आतून एक ढुशी. रोज. ती म्हणते, बाळ हं म्हणतं. मोठ्या माणसांना तेवढंही येत नाही हो, आमच्याकडे नवरा पेपरमागून कधी हं म्हणेल तर शपथ.

परवा सकाळी ती म्हणाली, आई, बाळ हं म्हणत नाही. मी म्हटलं, झोपलं असेल. काल सकाळी पुन्हा म्हणाली. आणि मग तिने मला विचारलं, कट्टी केलीय का त्याने? का गं, म्हटलं, तू काय केलंस? तर मान खाली घालून म्हणते, मी त्याला म्हटलं तू येऊ नको, पलंगावर जागा नाहीये. सिस्टर, मी तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं की असं बोलून काही होत नाही. सांगितलंही. पण सांगताना माझा आवाज असा निघाला की तिला काही पटलेलं नाही. तेव्हापासून ही अशी आहे, दप्तर धरून.

आता तुम्ही विचाराल, परवापासून कळतंय तर आज कशी उगवले. विचारा ना. बरं, नका विचारू, मान हलवलीत तेवढं पुरे. त्याचं असं झालं की आमच्याकडे यंत्र आहे. हो, घरी. नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाच्या बायकोने वापरलेलं, छोटंसं, पोटावर धरलं की ठोके ऐकवणारं. नवरा म्हणाला, दवाखान्यात सारखी धावतेस त्यापेक्षा घरीच ऐक. आणि तो पडला सभा-समारंभांना आवाजाची यंत्रणा लावणारा माणूस, कर्णे, माइक, तारा हेच त्याचं जग, त्याला त्या यंत्राचा चिमुकला आवाज कसा चालेल? त्याने काय केलं, ते जोडलं घरातल्या मोठ्या स्पीकरला. म्हणजे सगळ्यांना ऐकता यावं. रोज सकाळी चहाबरोबर कार्यक्रमच सुरू झाला. मी सोफ्यावर आडवी, सासूबाई उशाशी, सासरे खुर्ची पुढे ओढून, नवरा खर्ज-तारेची बटणं फिरवतोय, आणि भिंतीतून घुमतंय—धप्प धप्प, धप्प धप्प. सासूबाईंनी डोळे पुसले. सासरे म्हणाले, ‘बघा, किती संथ, किती निवांत, माझ्यावर गेलाय.’ शेजारच्या काकूंना बोलावून ऐकवलं. त्या म्हणाल्या, ‘आवाजावरूनच कळतं, सालस आहे पोर.’ आणि परवा मी म्हटलं की आज हलणं कमी वाटतंय, तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, नववा सरत आला, जागा कुठे आहे त्याला हलायला? आणि ठोके तर घुमतायत घरभर, आता आणखी काय हवंय तुला?’ खरंच, आणखी काय हवं होतं मला? पुरावा भिंतीतून वाजत होता.

काल संध्याकाळी लिफ्ट बंद होती. जिने चढून आले, धाप लागली, आणि तशीच सोफ्यावर पडून म्हटलं लाव रे जरा, मला ऐकायचंय. तर काय, ठोके नुसते धावतायत. सासरे घाबरले. मीही घाबरले. मग पाणी प्यायले, श्वास बसला, आणि ठोकेही बसले. हळूहळू, माझ्याबरोबर. मी सहज हाताची नाडी धरली. सिस्टर, ठोक्याला ठोका. एकही इकडेतिकडे नाही. तो मीच होते. आठवडाभर घरभर माझंच हृदय वाजत होतं, आणि सगळे त्याचं कौतुक करत होते—लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या हृदयाचं इतकं कौतुक पहिल्यांदाच झालं, तेही चुकून. आपलीच टिमकी आपण वाजवू नये म्हणतात, मी तर स्पीकरवर वाजवली.

सांगितलं ना, सांगितलं नवऱ्याला. तो म्हणाला, सिग्नल आहे म्हणजे कुठूनतरी येतोय. मी म्हटलं, माझ्यातून येतोय. तो म्हणाला, तुला नेहमी वाईटच सुचतं. वाईट माणूस नाही हो तो, पण त्याच्या धंद्यात काय आहे, आवाज आला की काम झालं, कुणाचा आला हे त्याला कधी बघावंच लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, गुरुवारी जायचंच आहे. सासऱ्यांनी खुर्ची मागे सरकवली, त्यांना वाटलं असेल, मग माझ्यावर कोण गेलं. आणि मीही, सिस्टर, मीही गप्प बसले. मनात म्हटलं, पट्टेवाली, तू दोनदा तोंडावर पडलीयस. चष्मेवाल्या सिस्टर हसतील. सकाळी हिला बालवाडीत सोडते म्हणून घरातून निघाले आणि बालवाडीच्या दारावरून सरळ पुढे आले. घरी अजून कुणाला ठाऊक नाही मी इथे आहे ते. हीच काय ती माझी बहादुरी.

तुम्ही अजून शोधताय. किती वेळ—नाही, नका सांगू. मला माहीत आहे वेळ लागतो, बाळाची पाठ कुठे आहे ते बघावं लागतं, सगळं वाचलंय मी. वाचलंय एवढंच. दाबा जोरात, मला दुखत नाही. हलणं कमी झालंय, असं सांगितलं मी खिडकीवर. परवापासून कमी. परवा कमी होतं हे खरं आहे. काल सकाळीही कमी म्हणता येईल, एकदा काहीतरी सरकल्यासारखं झालं होतं. आणि मग दुपारपासून कमी. म्हणजे कमीच. मिक्सर तीनदा लावला, भांड्यात काही नसताना. रिकामाच फिरवला. टाचेची जागा मी दाबून बघितली, रात्री, पुन्हा पुन्हा, ऊठ म्हटलं, हवं तर फासळी मोड—सिस्टर, कमी नाही. नाहीच. काल दुपारपासून एकदाही नाही. मी खिडकीवर कमी म्हणाले. नाही म्हटलं असतं तर त्यांनी तेव्हाच आत घेतलं असतं, बाकावर झोपायची वेळ आली नसती, कळतंय मला, अडाणी नाही मी. पण कमी या शब्दात थोडंतरी शिल्लक असतं हो.

बोला काहीतरी. नाहीतर रागवा, चालेल.

थांबा, हा—नाही. हा माझा. हा नका धरू, हा धप्प धप्प माझाच आहे, आठवडाभर ऐकलाय मी, झोपेतही ओळखेन. सरका पुढे. मी सांगतेय ना माझा आहे. सरकवा. तिथे खाली. अजून खाली.

हे काय आहे? हे—घोडा दौडल्यासारखं? थांबा, सोडू नका, तिथेच धरा. माझी नाडी बघा. नाही, आधी नाडी बघा माझी, मी आता नुसत्या आवाजावर विश्वास ठेवत नाही, हा माझा हात, धरा. धरलीत? जुळतंय का? मोजा नीट. जुळत नाही? जुळत नाही ना? तो पुढे आणि मी मागे? पुन्हा सांगा. म्हणजे दोन आहेत. दोन आहेत, सिस्टर. भिंगरी, तो आवाज ऐकलास, तो बाळाचा, आईचा नाही, बाळाचा. रडत नाहीये मी, जेल उडालं.

आता बांधा पट्टा. घट्ट बांधा. आणि एक आत्ताच सांगते, ठोके सापडले म्हणून मला घरी जा म्हणायचं नाही. ठोके आहेत, पण तो हलत नाहीये, आणि मला तो हलणारा माहीत आहे. लाजायचं ते दोन खेपांत लाजून झालं, आता माझ्याकडे शिल्लक नाही. मी बाहेर बाकावर झोपेन, खिडकीवरच्या बाईंच्या टेबलावर झोपेन, तुम्ही रोज मला हसा, पट्टेवाली म्हणा, दारावर पाटी लावा, पण हा पुन्हा हं म्हणेपर्यंत मी या खोलीतून हलणार नाही. डॉक्टरबाई ऑपरेशनमधून बाहेर आल्या की त्यांनाही हेच सांगणार आहे, याच शब्दांत. कदाचित जरा सौम्य शब्दांत.

यंत्रातून कागद असा का येतोय? मागच्या वेळी त्यावर डोंगर होते, मुलं काढतात ना, तसे, वर-खाली वर-खाली. ठोके वाजतायत, पण ही रेघ तर पट्टीने आखल्यासारखी आहे, ठोके ना चढतायत ना उतरतायत. खूप वेळ अशीच आहे. तुम्ही कुशीवर वळा म्हणालात, वळले. पोट हलवलंत, तरी तशीच. तुम्ही फोन का उचलताय? नाही, उचला. उचला तुम्ही.

काय म्हणाल्या? आत्ता? म्हणजे आजच, गुरुवारी नाही. पुढचं ऑपरेशन माझं. बरं. बरं, कळलं. त्याला आत बरं वाटत नाहीये, तर बाहेर घ्यायचं. हो. सही कुठे करू? पेन चालत नाहीये, दुसरं द्या, नको, टोपणच काढलं नव्हतं मी, पेन ठीक आहे. नवऱ्याला मीच करते फोन. त्याला म्हणेन, ये, आणि आईबाबांना घेऊन ये, आणि ते यंत्र नको आणू. सिस्टर, तुम्ही आत्ता काय म्हणालात, फोन ठेवताना, ‘आलात ते बरं केलंत’? नाही, ऐकू आलं मला. नुसतं आणखी एकदा ऐकायचं होतं. खिडकीवर जाऊन म्हणाल का तेवढं, मोठ्याने?

हिला मावशींजवळ बसवा तोवर, हिचा बाप येईपर्यंत. ही काही मागत नाही, आणि मागितलं तर देऊ नका, सोकावेल. काय गं भिंगरी? इकडे ये. काय पुटपुटतेस? माझ्याशी नाही? बरं, बोल मग त्याच्याशी, पण पट्ट्याला धक्का न लावता, असं कडेने, आणि मोठ्याने बोल, तिथे आत जाड भिंत आहे. आम्ही ऐकत नाही. सिस्टर, एक मिनिट, मी गप्प बसते, तिला सांगू दे तिची बातमी.

“बाळा, ये. मी येऊ नको म्हटलं होतं ना, ते खोटं खोटं होतं. पण भिंतीकडची बाजू माझी.”